देवाजींचा खटका

श्रावणात नवी गाडी दारात येऊन उभी राहिली आणि गुणाबाईने ओसरीवरची आपली जागा बदलली. इतकी वर्षं ती रस्त्याकडे तोंड करून सुपारी कातरायची, आता कोठीकडे तोंड करून कातरू लागली. नवी गाडी मोतिया रंगाची होती. तो रंग सुनेने, इंदुताईने, नागपूरला तीन दुकानं पालथी घालून निवडला होता. आल्यागेल्याला गाडी दाखवताना तिचा मुलगा रामाजी आधी दार उघडायचा, मग बंद करायचा, मग विचारायचा की आवाज ऐकला का. लोक म्हणायचे, ऐकला. एवढ्याशा गोष्टीने माणूस दिवसभर खूश राहू शकतो हे त्याच्याकडे पाहून पटायचं. गुणाबाईने मात्र दोन महिन्यांत त्या गाडीत पाय ठेवला नाही. नागभीडच्या बाजारात जायचं झालं तर ती बैलबंडी जुंपायला लावायची, आणि बंडी मुद्दाम गाडीच्या अंगाला घासेल इतक्या जवळून न्यायला सांगायची.

रामाजीला गाडीशी जेवढं देणंघेणं होतं त्याहून जास्त आईच्या कमरेच्या चंचीशी होतं. त्या चंचीत धानाच्या गिरणीची किल्ली होती. मालगुजारी गेली, गावं गेली, कचेरीतली खुर्ची गेली, राहिली ती ही गिरणी. रामाजीचे वडील देवाजी वारले तेव्हा किल्ली बायकोच्या हातात देऊन गेले आणि ती तिथेच राहिली. त्यामुळे चाळिशी उलटलेला, तीन लेकरांचा बाप असलेला रामाजी रोज सकाळी सात वाजता ओसरीवर येऊन म्हणायचा, "माय, किल्ली." गुणाबाई सुपारी खाली ठेवायची, चंची सोडायची, किल्ली द्यायची. संध्याकाळी तो ती परत आणून द्यायचा. गिरणीवरचे हमाल मालकाआधी येऊन कुलपापाशी बसून राहत आणि रामाजी रस्त्यावर दिसला की एकमेकांकडे पाहत. त्यांचं ते पाहणं रामाजीला दोन वर्षांपासून टोचत होतं.

भादव्यात त्याने एकदाचा धीर केला. आता हे बरं दिसत नाही, घराचा कर्ता कोण ते एकदा ठरू दे, असं तो म्हणाला. गुणाबाईने अडकित्ता थांबवला.

"तुह्या बापाचा खटका त्या नव्या गाडीत बसव. दसऱ्याले शिवेवर ज्याच्या हातानं दिवा लागन, त्याच्या हाती किल्ली."

खटका म्हणजे जुन्या गाडीचा दिव्यांचा खटका. या खटक्याची या घराने जी पूजा मांडली होती ती समजायला थोडं मागे जावं लागतं. विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबाकडून देवाजींनी ती काळी गाडी घेतली छत्तीस साली. त्या वर्षी दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघालेल्या गावाला बाजूला सारून त्यांनी गाडी शिवेवर नेली, आपट्याच्या झाडासमोर उभी केली आणि तिन्हीसांजेला समोरच्या फळीवरची मूठ ओढली. दोन दिवे भकदिशी झाडावर पडले. एक बैल उधळला आणि एका म्हाताऱ्याचा पाय मोडला, पण देवाजींचं नाव झालं. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. पाच-सात वर्षांत असं झालं की देवाजींनी दिवा लावल्याशिवाय कोणी आपट्याला हात लावेना. माज दहा वर्षं टिकला की लोक त्याला रीत म्हणतात, तसं या रीतीचं झालं. तिला पहिल्या दोन-तीन वर्षांतच फांद्याही फुटल्या होत्या. घट बसले की गुणाबाई त्या मुठीला लाल फडकं बांधायची आणि ते दसऱ्यालाच सुटायचं. दसऱ्याला देवाजी स्वतः मुठीला हळदकुंकू लावायचे, तेल लावायचे, तिथल्या तिथे नारळ फोडून पाणी वर ओतायचे. मूठ हस्तिदंताची आहे असं ते सांगत. ती कचकड्याची होती.

देवाजी वारले त्या वर्षीचा दसरा दुखवट्यात गेला. पुढच्या वर्षी जुनी गाडी सुरूच झाली नाही. मशालीवर सोनं लुटलं आणि गाव तोंड भरून हसलं. आता हा तिसरा दसरा होता.

इंदुताईला हे कळलं तेव्हा ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली. नव्या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता, मोतियाच रंगाचा, आणि त्यात दिव्यांचा लहानसा चकचकीत खटका होता. जुन्या खटक्याची मान अंगठ्याएवढी जाड. तो बसवायचा तर नवा काढून त्याचं भोक कानशीने घासून दुप्पट करावं लागणार. शिवाय जुनी फळी होती इंचभर जाडीच्या लाकडाची आणि इथे होता पत्रा, त्यामुळे खटका अर्धा बाहेर लोंबत राहणार. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली की तुमच्या मायला गाडीचं नाक कापायचं आहे. रामाजी म्हणाला, एका भोकाने काय होते. भोक पडल्यावर पुन्हा बुजवता येत नाही, ती म्हणाली, आणि आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. रामाजीला ते सोयीचंच झालं.

तिचं आणि सासूचं कधीच पटलं नव्हतं. गुणाबाईच्या मते सून चांद्याच्या शाळेत सात इयत्ता शिकली तीच मोठी चूक होती. इंदुताईच्या मते या घरातल्या माणसांनी एकही इयत्ता कशाची पुरी केली नव्हती.

घट बसले त्या दिवशी काम लालसूवर आलं. लालसू गोंड, कुरखेड्याकडचा, जुनी गाडी आली तेव्हापासून तिचा ड्रायव्हर. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा गाडीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचा ड्रम बसवून त्याने देवाजींना चांद्यापर्यंत फिरवलं होतं. रामाजीने त्याला भादव्यातच सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर नागपूरहून टोपीवाला ड्रायव्हर येणार आहे, नव्या गाडीला तसाच शोभतो. लालसूने बरं म्हटलं होतं. आता रामाजी पडवीत येऊन सांगत होता की खटका नीट बसव, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. लालसूने पुन्हा बरं म्हटलं. ज्याला काढायचं त्याच्याच हाती अब्रू सोपवायला वेगळी अक्कल लागते आणि ती रामाजीकडे भरपूर होती.

गुणाबाईने स्वतः पडवीत येऊन जुन्या गाडीतली मूठ लाल फडक्याने बांधली. लालसूने फडक्यासकट खटका काढला आणि हातात घेऊन बसला.

तो खटका मेलेला होता. आज नाही, पंधरा वर्षांपूर्वी. हळद, कुंकू, तेल आणि नारळाचं पाणी दर दसऱ्याला आत झिरपलं आणि आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडून झिजल्या. लढाईच्या दिवसांत एका वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी लालसूने तो उघडला तर आत कुंकवाचा गोळा निघाला आणि पट्टीचा तुकडा हातात आला. नवी पट्टी मिळायची सोय नव्हती. त्याने देवाजींना सांगितलं. खटका काय बिघडला ते देवाजींनी विचारलं नाही, आणखी कोणाला माहीत आहे ते विचारलं. कोणालाच नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग लालसूने नागपूरच्या जुन्या बाजारातून एक लहान पितळी खटका आणला आणि फळीखाली आपल्या गुडघ्याजवळ बसवला. देवाजी मूठ ओढायचे, लालसू गुडघा दाबायचा, दिवा लागायचा. तेरा वर्षं हे चाललं. दसऱ्याला देवाजी त्याला एक धोतर द्यायचे आणि त्या विषयावर चकार शब्द काढायचे नाहीत. पोरांना त्यांनी त्या गाडीच्या पुढच्या जागेवर कधी बसू दिलं नाही. पोरांना वाटायचं, तो बापाचा रुबाब आहे.

लालसूला हे सांगून टाकायला काहीच हरकत नव्हती. पण विचारलं कोणी नाही, आणि न विचारलेलं सांगायची त्याला सवय नव्हती. त्याने सागाची एक जाड चकती कापायला घेतली, म्हणजे पत्रा आणि खटका यांच्यामधली जागा भरून निघेल आणि खटका लोंबणार नाही.

पाचव्या माळेला धाकटा मुखरू कुरखेड्याहून आला. तिथे त्याचा मोहफुलांचा, डिंकाचा धंदा होता आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं, एवढं बरं की भावाच्या गिरणीचा विचार त्याला रात्रंदिवस सुचत असे. मायने किल्लीचं काय ठरवलं ते त्याच्या कानावर केव्हाच गेलं होतं. 'ज्याच्या हातानं' हे दोन शब्द त्याने वाटेत शंभर वेळा घोळवले होते. माय रामाजीच्या हातानं म्हणाली नव्हती. जेवताना तो मायला म्हणाला की कुरखेड्याची हवा फार चांगली आहे, तुम्ही आता माझ्याकडे या. गुणाबाई म्हणाली की माझ्यासोबत गिरणी येत नाही.

जेवण झाल्यावर मुखरू पडवीत आला. इकडे तिकडे पाहून लालसूजवळ उकिडवा बसला आणि बिडी पुढे केली.

"लालसूभाऊ, दिवाळीनंतर तुमचं का? भाऊनं तर काढलं म्हन्ते तुमाले."

"होय."

"माह्या ट्रकवर या. कुरखेड्याले, घराजवळ. फक्त एक करा. त्या खटक्याची एक तार ढिल्ली ठेवा. भाऊनं ओढलं का लागला नाई पायजे. कोनती तार ते मले सांगून ठेवा, मी मांगून घट्ट करतो न ओढतो."

लालसूने बिडी कानावर ठेवली. "ढिल्ली ठेवतो," तो म्हणाला, आणि एक तार दाखवून दिली. तार कुठेच जात नव्हती.

सातव्या माळेला बहीण कमळा ब्रह्मपुरीहून आली, ती मुखरूच्या बाजूने आली. रामाजीवर तिचा राग जुना होता. तिच्या थोरल्या पोरीच्या लग्नाला जुनी गाडी देतो म्हणून रामाजीने ऐनवेळी नाही म्हटलं होतं आणि वरात बंडीतून गेली होती. गाडी तेव्हा सुरूच होत नव्हती हे तिला सांगूनही पटलं नव्हतं. आल्या आल्या ती मायजवळ बसली आणि मुखरू कसा मनाचा मोठा आहे हे सांगू लागली. इंदुताईने चहा आणून ठेवला आणि सहज म्हणाली की धाकटीचं माघात आहे ना, तर नवी गाडी चार दिवस घेऊन जा, ड्रायव्हरसकट. कमळा अर्धा चहा प्याली. मग म्हणाली की मुखरू तसा लहानपणापासून आतल्या गाठीचा.

त्याच संध्याकाळी कमळा पडवीत येऊन लालसूला बजावून गेली की तारा घट्ट बांध, मुखरूचं काही खरं नाही. "घट्ट बांधतो," लालसू म्हणाला.

रामाजी दिवसातून चारदा येऊन जायचा. एकदा तो म्हणाला की ओढून पाहू का. लालसूने फडक्याकडे बोट दाखवलं. घट बसल्यावर फडकं सोडत नाहीत, ही रीत बापाची. रामाजी हात मागे घेऊन निघून गेला. फडकं न सोडता विचारता येण्यासारखं बरंच काही होतं, पण त्याला ते सुचलं नाही.

आठव्या माळेला लालसूने कानस लावली. आवाज घरभर गेला. इंदुताई स्वयंपाकघरात वडे थापत होती, तिचे दात आंबले. ती तशीच पिठाच्या हातांनी पडवीत आली. मोतिया पत्र्याचा बारीक चुरा नव्या पायपुसण्यावर पडत होता. भोकाच्या कडेला रंगाचा टवका उडून खालचा काळा पत्रा दिसू लागला होता. गाडी घेतली त्या दिवशी ती दुकानातून इथपर्यंत पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आली होती आणि दोन तास कोणाशी बोलली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिने स्वतः निवडलेली ही पहिली वस्तू. तिला रडू येईल असं वाटलं, पण रागच आला, आणि त्या रागातच तिने लाल फडक्यातली मूठ उचलली. बाहेरून चिंधी, मागून निघालेल्या दोन पट्ट्या. एक पट्टी अर्धीच होती. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला अर्धी पट्टी कळायला वेळ लागला नाही.

"लालसूभाऊ, खरं सांगा. ह्यानं दिवा लागते का?"

लालसूने कानस खाली ठेवली. बायांचं आणि त्याचं एवढं बोलणं कधी होत नसे. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"पंधरा सालात हे पयल्यांदा कोनी इचारलं, बाई. नाई लागत."

मग त्याने सगळं सांगितलं. इंदुताई ऐकत गेली आणि ऐकताना तिच्या तोंडावर हसू येत गेलं. ज्या खटक्यासाठी तिच्या गाडीला भोक पडत होतं, ज्याच्या नावाने दोन भाऊ आणि एक बहीण पडवीत एकामागून एक कुजबुजून गेले, तो कुंकवाने मेला होता. देवाजींच्या फोटोला ती रोज हार घालत असे. आता तो हार कोणाच्या गुडघ्याला घालावा असा प्रश्न तिला पडला. नव्या गाडीतही तसाच गुडघ्याजवळ खटका लावणार का, असं तिने विचारलं. दुसरं काय करणार, लालसू म्हणाला.

"तुमी दिवाळीनंतर जान. मग तो टोपीवाला गुडघा लावन का?"

लालसू पहिल्यांदा हसला.

"तिथी नोका लावू," इंदुताई म्हणाली. "मांगच्या बाजूले लावा. पुढच्या खुर्चीच्या पाठीले, खाली, मी बसतो तिथी. माह्या हातापाशी."

लालसूने विचार केला. तार पायपुसण्याखालून नेता येते, तो म्हणाला. अवघड नाही. इंदुताई पुढे म्हणाली,

"आन् दिवाळीचं मी पाहतो. तुमी शिवेवर फक्त एक करा. मालकानं इचारलं का खरं तेच सांगा."

दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा झाली. लाल फडकं सुटलं. सागाच्या चकतीवर पिवळट पडलेली कचकड्याची मूठ मोतिया डॅशबोर्डमध्ये बसली होती. इंदुताईने पाहिलं आणि तोंड फिरवलं. रामाजीने बापासारखंच हळदकुंकू लावलं, तेल लावलं आणि नारळाचं पाणी ओतलं. त्यातलं थोडं पाणी नव्या पायपुसण्यावर सांडलं आणि लालसूने ते घाईघाईने टिपून घेतलं. गुणाबाई चंची कमरेला खोचून उभी होती. दोन महिन्यांनी ती प्रथमच गाडीजवळ आली होती. तिने मुठीकडे पाहिलं, मग लालसूच्या गुडघ्याच्या जागेकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं, आणि ती ओसरीवर जाऊन बसली.

संध्याकाळी गाडी निघाली. पुढे लालसू आणि त्याच्या शेजारी कोसल्याच्या रेशमाचा फेटा बांधलेला रामाजी. मागे गुणाबाई, मध्ये कमळा, कडेला इंदुताई. मुखरू गावकऱ्यांबरोबर पायी येत होता, म्हणजे साधेपणा दिसतो. हलक्या धानाला लोंब्या आल्या होत्या आणि बांधावरून वाट काढत आजूबाजूच्या गावांतली माणसं येत होती. यंदा मशाल की मोटार, यावर गिरणीच्या हमालांच्या पैजा लागल्या होत्या. शिवेवर आपट्याभोवती चांगलीच गर्दी होती. सूर्य जंगलामागे गेला तसा डफ थांबला.

रामाजीने मुठीला हात जोडले आणि मूठ ओढली.

काही झालं नाही. आपटा जसा अंधारात होता तसाच राहिला.

त्याने मूठ आत ढकलली आणि पुन्हा ओढली. मग आणखी एकदा, जोर लावून. सागाची चकती कुरकुरली. गर्दीत कोणी तरी खाकरलं. मागच्या रांगेतून, अंधार असल्यामुळे धीट झालेला एक आवाज आला की मशाली आणू का. हमाल हसले. रामाजीच्या फेट्याखालून घाम आला. मनातल्या मनात तो बापाला हाका मारत होता. बाप त्या बाबतीत काहीच करू शकत नव्हता आणि जिवंतपणीही काही करत नव्हता, हे त्याला माहीत नव्हतं.

मुखरू या घटकेचीच वाट पाहत होता. तो पुढे झाला, भाऊ बाजूला हो, मी पाहतो, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि रामाजीच्या पायावरून आत वाकला. लालसूने दाखवलेली तार त्याने चाचपून घट्ट केली. मग सावकाश, गर्दीकडे पाहत, मूठ ओढली. अंधार होता तसाच राहिला. मुखरूने तार पुन्हा पिळली आणि पुन्हा ओढली. एका बाजूने रामाजी ओढायचा, दुसऱ्या बाजूने मुखरू ओढायचा, आणि देवाजींची दोन्ही पोरं पाच गावांसमोर एका मेलेल्या खटक्याशी झोंबत राहिली. कमळा खिडकीबाहेर पाहत म्हणाली की मी तरी कोणाच्याच बाजूने नव्हते.

इंदुताईचा हात खुर्चीच्या पाठीशी, पदराखाली होता. बोट खटक्यावर होतं. तिने ते दाबलं नाही.

शेवटी रामाजी लालसूकडे वळला. आतापर्यंत त्याला शेजारी माणूस आहे याचीच आठवण नव्हती.

"लालसू, कावून लागत नाई?"

"हा खटका मेला आहे, मालक. पंधरा सालं झाली."

रामाजीला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं. लालसूने पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच आवाजात. मग बाबा कसा लावत होते, हे रामाजीने विचारलं खरं, पण उत्तर यायच्या आतच त्याला ते ऐकायचं नव्हतं. मुखरू मागे सरकला आणि गर्दीत मिसळला.

"लावता येते का?" रामाजीने हळूच विचारलं. "कसाबी?"

"येते. पन मी दिवाळीपावतरच आहो, मालक. पुढच्या दसऱ्याले तुमाले हे पुन्हा पडन."

गाडीच्या खिडक्या उघड्या होत्या. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. रामाजीने फेटा सावरला, बाहेर पाहिलं, आत पाहिलं. या घरातल्या पुरुषाने नोकराजवळ काही मागितलं असं गावाने कधी पाहिलं नव्हतं. देवाजींनी तर गुडघासुद्धा धोतर देऊन झाकला होता.

"दिवाळीनंतरबी राह्य, लालसूभाऊ," तो म्हणाला. "नागपूरवाल्याले मी कळवतो. आता दिवा लाव."

"ओढा मालक आता," लालसू म्हणाला. त्याचे दोन्ही हात चाकावर होते आणि गुडघा जागचा हलला नाही.

रामाजीने मूठ ओढली. इंदुताईने बोट दाबलं.

दोन्ही दिवे आपट्यावर पडले. झाडाची पानं एकदम पांढरी दिसली आणि लोकांनी ओरडत झाडाकडे धाव घेतली. डफ पुन्हा सुरू झाला. रामाजी क्षणभर मुठीकडे पाहत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं की लोक त्याच्याकडे पाहत आहेत, आणि तो दार उघडून खाली उतरला. दाराचा आवाज छान झाला. लोक त्याच्या पाया पडू लागले आणि दहा मिनिटांपूर्वी आपण कोणाला काय विचारलं होतं हे तो झपाट्याने विसरत गेला.

कमळाही सोनं लुटायला उतरली. मागे दोघीच राहिल्या. गुणाबाईने तो लहानसा आवाज ऐकला होता. आपल्याच बाजूने आलेला, पुढून नाही. तिने सुनेच्या पदराकडे पाहिलं.

"तुह्या सासऱ्याच्या येळेस तो लालसूच्या गुडघ्यापाशी होता."

इंदुताईने हात बाहेर काढला. "तुमाले माहीत होतं, आत्याबाई?"

"मी तेरा सालं मांगंच बसली न बाई. पुढं पाह्याबिगर मांगच्या मानसाले दुसरं काम कोनतं." तिने चंचीचे बंद सोडले. "दोन साल वाट पाह्यली, कोनी इचारन म्हणून. रामाजी आला, त्यानं किल्ली मांगली. मुखरू आला, त्यानं गिरणी मांगली. दिवा कसा लागते ते कोनी इचारलं नाई."

मग तिने किल्ली काढली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. किल्ली गरम होती. दोघींचं कधी पटलं नव्हतं आणि आताही पटलं असं काही नव्हतं. गुणाबाई बाहेर पाहत बसली.

थोड्या वेळाने रामाजी आला. ओंजळीत आपट्याची पानं होती, कपाळावर पाचपन्नास माणसांनी लावलेलं कुंकू होतं. त्याने खिडकीतून मायच्या हातात पानं ठेवली, वाकून नमस्कार केला आणि मागचे लोक पाहतील असा उजवा हात पुढे केला.

"माय, किल्ली."

"देल्ली," गुणाबाई म्हणाली.

"कोनाले?"

"ज्याच्या हातानं दिवा लागला त्याले."

रामाजीने आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहिलं, उलटा करून पाहिला. इंदुताईने किल्ली कमरेला खोचली.

"उद्या सकाळी सातले मांगजा," ती म्हणाली. "देईन."